‘व इतर’मधले सर

आमच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत माजी शिक्षकांची यादी छापली आहे. अकरा नावं, नावापुढे पदवी आणि शेवटी ‘व इतर’. ज्यांच्याविषयी मी लिहितो आहे ते सर त्या ‘व इतर’मध्ये आहेत. स्मरणिका हातात पडली तेव्हा माझं डोकं तापलं. छापणाऱ्यांच्या अंगावर ती भिरकावावी असं वाटलं. मग लक्षात आलं, की या बाबतीत चिडायचा हक्क सगळ्यात कमी कुणाला असेल तर तो मलाच. त्यांचं नाव मीही इथे लिहीत नाही. ते लिहिण्याआधी ज्यांना विचारायला हवं होतं, त्यांना विचारायची वेळ मी घालवली आहे.

‘इतर’ हा शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारला असता तर गळ्याची शीर फुगवून त्यांनी विचारलं असतं, “इतर म्हणजे कोण? नावं सांगा!”

‘लोक’ या शब्दाचीही तीच गत. बोईसर आणि किनारा यांच्या मधल्या गावात आमची शाळा. मी कऱ्हाडकडून तिथे कारकून म्हणून आलो तेव्हा माझं वय एकवीस होतं, नोकरी तात्पुरती होती, आणि शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यातलं एक टेबल आणि एक टाइपरायटर एवढं माझं राज्य होतं. मुख्याध्यापक चहा पिताना सहज म्हणायचे, “इथले लोक शिकणारे नव्हेत.” लगेच समोरून प्रश्न यायचा.

“किती लोक?”

“अहो, आपली बोलायची पद्धत असते.”

“पद्धत नव्हे, पळवाट! एकाचं नाव घेऊन बोला. घेता येत नसेल तर चहा प्या.”

मुख्याध्यापक चहा पीत. मी मान खाली घालून हसत असे.

सर वर्ध्याकडचे. वय अठ्ठेचाळीसच्या आसपास, डोक्यावर मोजून केस, अंगात कायम इस्त्री नसलेला पण स्वच्छ सदरा. आठवी ते अकरावीला इंग्रजी शिकवत. इंग्रजीवर त्यांचा जीव होता आणि रागही होता. वर्गात ते त्या भाषेविरुद्ध फिर्याद गुदरायला आल्यासारखे येत. विशेषतः एकवचन आणि अनेकवचन हा विषय निघाला की त्यांचा आवाज माझ्या टेबलापर्यंत स्वच्छ ऐकू यायचा.

“डोक्यावर हजारो केस, आणि साहेब त्याला म्हणतो हेअर! एकवचन! माझ्या डोक्याला ते शोभतं, तुमच्या नाही. उलट विजार एक, तर तिला म्हणतो ट्राउझर्स. का? तर पाय दोन! मग सदऱ्याला हात दोन नाहीत?”

एकदा ‘फिश’ शिकवताना ते असेच तापले होते. मासा एक असो की टोपलीभर, शब्द तोच. तेव्हा किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या कोळ्यांची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, ते मासं मोजतच नाय, तर वाटा कसा घालतात?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते खडू खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “हा प्रश्न विलायतेला पाठवायला हवा. दीडशे वर्षं राज्य केलं, पण हे कुणी विचारलं नाही त्यांना.” पुढे महिनाभर भेटेल त्याला ते हा प्रश्न सांगत होते, आणि दर वेळी त्या मुलीचं पूर्ण नाव घेऊन.

त्यांची शिकवायची तऱ्हाही न्यारी. नाम लिहिण्याआधी मुलाने खिडकीशी जायचं, बघायचं, मोजायचं, मग लिहायचं. खाडीत बोटी आहेत असं एका मुलाने लिहिलं. सरांनी त्याला खिडकीशी पाठवलं. ओहोटी होती, चिखलात एकच होडी कलंडलेली.

“किती?”

“एक.”

“मग हा ‘एस’ कुठून आणलास?”

“सर, काल लय होत्या.”

“कालचा ‘एस’ आज चालत नाही. पूस!”

माझं इंग्रजी त्यांनीच सुधारलं. तपासणीसाठी मी शाळेतल्या सामानाची यादी टाइप केली होती आणि वर ऐटीत ‘फर्निचर्स’ असा मथळा दिला होता. त्यांनी तो ‘एस’ लाल पेन्सिलीने असा खोडला की कागद फाटला. नंतर मला हाताला धरून सगळ्या वर्गांतून फिरवलं. यादीत बाकं चोवीस होती. पायांवर उभी एकोणीस निघाली.

“उरलेली पाच कुठे आहेत?”

“सर, मागच्या वर्षीच्या यादीत होती.”

“म्हणजे तू बाकं मोजली नाहीस. यादी मोजलीस.”

तेव्हापासून वर्षभर, रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास, ते माझ्या टेबलाशी बसून मला शिकवत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. “तुला इथे कुजायचं नसेल तर इंग्रजी नीट शीक,” एवढंच म्हणाले होते. मी आयुष्यात जे काही झालो ते त्या अर्ध्या तासामुळे. आणि त्या अर्ध्या तासाचा मी काय उपयोग केला तेच आता सांगायचं आहे.

त्याआधी अजून एक. एकदा नववीच्या वर्गाची काच फुटली. कुणी कबूल होईना, म्हणून मुख्याध्यापकांनी अख्ख्या वर्गाला उन्हात उभं केलं. थोड्या वेळाने पाहतो तर रांगेच्या टोकाला सर, हात मागे बांधून, टक्कल तापवत उभे.

“हे काय चालवलंय तुम्ही?” मुख्याध्यापक धावत आले.

“शिक्षा वर्गाला आहे ना? काच फुटली तेव्हा मीही वर्गातच होतो.”

“अहो, तुम्ही कशी फोडाल?”

“मग यांतल्या बाकीच्या सदतीस जणांनी कशी फोडली?”

पाच मिनिटांत मागच्या ओळीतला एक मुलगा रडत पुढे आला आणि म्हणाला, “मी फोडली.” सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शिक्षा त्याला झाली नाही. होऊच दिली नाही.

हा विक्षिप्त माणूस राहायचा दांडीला, एका विधवा कोळणीच्या घराच्या पडवीत. स्वतः कट्टर शाकाहारी आणि उशाशी बोंबलांचा वास. सगळे तिला मावशी म्हणत; तिचा नातू आठवीत होता. ती सरांना स्वतंत्र चुलीवर भात रांधून देई आणि शेजारणींना सांगे, “मास्तर मासली खात नाय, पन मोजतो बरी!” यावरून गावात लोक काय बोलत ते मी लिहीत नाही. ‘लोक’ म्हणजे कोण ते मला चांगलं ठाऊक आहे. शाळेचे सेक्रेटरी.

सेक्रेटरींची गवताची वखार होती, भातगिरणी होती. वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि या भागात ट्रक, जीप, परप्रांतीय कामगार, ठेकेदार यांची रीघ लागली. कुणाला गोदाम हवं होतं, कुणाला खडी टाकायला जागा. दांडीजवळ एक सरकारी पडीक जमीन होती. तिच्यावर कोळणी पिढ्यानपिढ्या बांबूच्या वलांडी उभारून बोंबील वाळवत. सेक्रेटरींनी ती जागा हेरली. ती आपल्या नावाने मागून घ्यायची आणि एका ठेकेदाराला गोदामासाठी द्यायची असा त्यांचा बेत. त्यासाठी गावाची ‘हरकत नाही’ हवी होती.

आणि ती जवळजवळ तयारच होती. कशी, ते सांगतो.

किनाऱ्यावर माणूस कधी सापडेल याचा भरवसा नसतो. होड्या भरतीबरोबर जातात, चार-चार दिवस येत नाहीत. बाया पहाटे टोपल्या घेऊन बाजाराला. म्हणून गावाच्या कामाचा अर्ज करायचा तर आधी कोऱ्या कागदाच्या खालच्या भागात सगळ्यांचे अंगठे घेऊन ठेवायचे आणि वरचा मजकूर कचेरीत सावकाश भरायचा, अशी तिथे रीतच पडली होती. एस.टी. गावापर्यंत यावी म्हणून अर्ज करायचा होता तेव्हा शाईचा पॅड घेऊन किनाऱ्यावर मीच गेलो होतो. प्रत्येकापुढे तेच तीन कागद केले.

“तीन कशाला रे, कारकुना?” मावशीने विचारलं होतं.

“पुढच्या कामाला लागतात. परत परत तुम्हाला कुठे शोधायचं?”

“ते पन खरं हाय,” म्हणून तिने तिन्ही कागदांवर अंगठा उठवला. मी शेजारी तिचं नाव लिहिलं. एक कागद एस.टी.च्या अर्जाला गेला. दोन माझ्या कपाटात राहिले.

सेक्रेटरी त्यांतल्या एकावर ‘आमची हरकत नाही’ लिहून घ्यायला आले, त्या दिवशी सर नेमके माझ्या टेबलाशी बसले होते. त्यांनी तो कागद पाहिला. मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“यांनी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही, आणि यांचं बोलणं तुम्ही लिहिणार?”

“मास्तर, आम्ही गावचे. गावाचं हित आम्ही बघतो.”

“गाव अंगठा देत नाही. माणूस देतो!”

सेक्रेटरी निघून गेले. सरांनी मला सांगितलं, “हे दोन्ही कागद आत्ता फाड.” तेवढ्यात घंटा झाली आणि ते वर्गावर गेले. परत आल्यावर त्यांनी विचारलं, “फाडलेस?”

मी म्हणालो, “हो.”

फाडले नव्हते. सेक्रेटरींनी जपून ठेवायला सांगितलेले कागद फाडायची माझी छाती झाली नाही. सरांनी माझा शब्द खरा मानला. कपाट उघडून बघितलं नाही. बाकं मोजणारा माणूस, पण माझा शब्द मात्र त्यांनी तपासला नाही.

त्यानंतर अकरा दिवस सर रोज संध्याकाळी किनाऱ्यावर बसले. सगळ्यांचा मिळून एक अर्ज करा असं तिथल्या म्हाताऱ्यांनी सुचवलं. सर ऐकेनात. “सगळ्यांचा एक अर्ज एकाच टोपलीत जातो. एकेकाचा अर्ज असेल तर साहेबाला एकेकाला उत्तर द्यावं लागतं.” एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस अर्ज. प्रत्येकाचा मजकूर वेगळा. माझ्या दोन वलांडी, माझा नवरा अमक्या साली बुडाला, मला तीन मुली. आधी वाचून दाखवायचं, मग अंगठा घ्यायचा. गठ्ठा घेऊन ते स्वतः बोईसरहून गाडीने पालघरला गेले आणि मामलेदार कचेरीत प्रत्येक अर्जाची वेगळी पोच घेऊन आले. तिथल्या कारकुनाने कपाळावर हात मारला असणार.

सेक्रेटरींनी पुढच्याच रविवारी दुपारी मला शाळेत बोलावलं. शाळा रिकामी होती.

“ते उरलेले दोन कागद आहेत ना?”

“आहेत.”

“एक मशीनला लाव. इंग्रजीत कर. मराठीत केलं तर त्यांना वाचून दाखवावं लागेल.”

ते मराठीत सांगत गेले, मी इंग्रजी करत गेलो. आम्ही सर्व पालक नम्रपणे कळवतो की सदर शिक्षक मुलांना उन्हात उभं करतात. आमच्या बायकांमुलांत राहून त्यांची वागणूक संशयास्पद आहे. ते आम्हाला शाळेविरुद्ध चिथावतात. या वाक्याशी मी थांबलो. सेक्रेटरींनी खिशावर हात ठेवला. “तुझी कायम नेमणुकीची ऑर्डर इथे आहे. आई आहे ना रे तुझी गावाकडे? बहिणीचं लग्न व्हायचंय म्हणालास.”

मी पुढचं वाक्य टाइप केलं.

सरांची ही तिसरी शाळा होती. आधीच्या दोन्हींतून ते असेच भांडून बाहेर पडले होते. इथलं दुसरं वर्ष, नोकरी अजून परीक्षाधीन; शेरा बिघडून निघाले तर त्या वयात चौथी शाळा मिळणार नव्हती. हे सेक्रेटरींना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

शाळेच्या हॉलमध्ये समितीची सभा झाली. सेक्रेटरी, मुख्याध्यापक, तीन सभासद, आणि इतिवृत्त लिहायला मी. तक्रारअर्ज सरांच्या हातात दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, खालचे अंगठे पाहिले, अंगठ्यांशेजारचं माझं अक्षर पाहिलं. मग वर बघितलं. माझ्याकडेच. मी फाडला असं सांगितलेला कागद त्यांच्या हातात होता. वेगळं काही समजायचं उरलं नव्हतं. मला वाटलं, आता ते माझं नाव घेणार. ते फक्त म्हणाले, “हे कुणी लिहिलं, ते त्या एकाने उठून सांगावं.”

माझ्या हातात टाक होता. मी तो शाईत बुडवला.

तेवढ्यात दारात गलका झाला. दांडीच्या नऊ-दहा बाया टोपल्या बाहेर ठेवून आत शिरल्या होत्या. नातवाने मावशीला बातमी दिली होती. ती सरळ टेबलापर्यंत आली.

“काय लिवलंय आमच्या नावानं? वाचून दावा.”

“अंगठा तुमचा आहे का, एवढंच सांगा,” सेक्रेटरी म्हणाले.

“आंगठा माजा हाय. बोलनं माजं नाय.”

“अंगठा तुमचा आहे ना?”

“हाय! पन मी काय बोललेच नाय मास्तरांविरुद. यष्टीसाठी दिला व्हता आंगठा.”

“आहे म्हणाल्या. लिहा.” हे मला.

दुसरी पुढे आली. तिसरी. प्रत्येकीने स्वतःचं नाव सांगितलं, प्रत्येकीने तेच सांगितलं. सेक्रेटरींनी प्रत्येकीला तोच प्रश्न विचारला आणि ‘हाय’ एवढं ऐकून पुढचं कापलं. एक सभासद घड्याळ बघत होता, मुख्याध्यापक छताकडे. मी लिहिलं, ‘उपस्थित पालकांनी अंगठे आपलेच असल्याचे मान्य केले.’ या वाक्यात खोटा शब्द एकही नाही. आजही ते वही उघडून दाखवता येईल, इतकं ते बिनचूक आहे. त्या बायकांतल्या एकीचंही नाव मी लिहिलं नाही.

मावशीने जाताना मागे वळून सभेला विचारलं, “शिकल्यालं मानूस असं करतं काय?”

सरांना काढलं. त्यांना द्यायचं पत्रही मीच टाइप केलं. त्यांच्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही, अशा अर्थाचं एक ओळीचं इंग्रजी. ते माझ्या टेबलाशी उभे राहून वाचत होते. लाल पेन्सिल त्यांच्या खिशात होती. “‘सर्व्हिसेस’ लिहिलंस. बरोबर आहे,” ते म्हणाले आणि पोच म्हणून सही केली. त्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता.

दोन महिन्यांनी पालघरहून अधिकारी पाहणीला आला. एक्केचाळीस अर्ज फाइलला लागलेले. एक्केचाळीस घरांत जाऊन त्याला विचारावं लागलं. जागा वलांडींसाठीच राहिली. सेक्रेटरींनी दुसरीकडे गोदाम बांधलं आणि त्यांच्या नावाचा हॉल आज शाळेत आहे. स्मरणिकेत त्यांचं चित्र पानभर आहे. माझी ऑर्डर निघाली. बहिणीचं लग्न झालं. मी हेडक्लार्क झालो, पालघरला घर केलं. सरांना पत्र लिहायला मी अनेकदा बसलो. दर वेळी ‘त्या काळी परिस्थिती अशी होती’ असंच वाक्य निघायचं. ‘मी’पासून सुरू होणारं वाक्य मला वीस वर्षांत लिहिता आलं नाही.

मावशी आता म्हातारी झाली आहे, पण पालघरच्या बाजारात अजून बसते. इतक्या वर्षांत तिने मला एकदाही मासळी विकलेली नाही. टोपली भरलेली असते आणि ती माझ्याकडे न बघता म्हणते, “नाय हाय.” मी शेजारणीकडून घेतो. सुरुवातीला वाटायचं, ती मला ओळखत नसेल.

स्मरणिका वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसलो.

“मावशी, तो कागद मी टाइप केला होता.”

“ठाव हाय.”

“कधीपासून?”

“सभेच्याच दिशी. शालेत मशीन एक, वाजवनारा एक. त्यात वलखायला काय?”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

तिने पापलेट उलटं करून ठेवलं. “मास्तरांनी त्याच राती सांगून ठेवलं व्हतं, त्याचं नाव कोनी घ्यायचं नाय. बोलले, पोरगा आपनहून बोलंल. म्या सोडायला गेले व्हते बोईसरला. गाडी येईस्तवर मास्तर फाटकाकडंच बगत व्हते. मी बोलले, नाय येत तो. तर बोलले, येईल, अजून टाइम हाय.”

मी म्हणालो, “त्यांचा पत्ता आहे तुझ्याकडे? मी जातो. उद्याच जातो.”

“कोनाकडं जातंस?” ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. “गेले ते. दोन पावसालं झालं. त्यांच्या भाच्याचं कारड आलं व्हतं, नातवानं वाचून दावलं.”

मागे कुणीतरी बोंबलांचा भाव विचारला. मावशीने हाताने मला बाजूला सरकायची खूण केली आणि त्या बाईसाठी टोपलीवरचं ओलं गोणपाट काढलं.